माचिसच्या डबीतला टॉवर

तुमच्या फोनवर हिरवी खूण उमटली की तुम्ही फोन खिशात टाकता. निरोप पोचला, हे तुम्हाला नेमकं कोणी सांगितलं?

समोरच्या माणसाने? नाही. फोनने सांगितलं. आणि फोनला कोणी सांगितलं? हा दुसरा प्रश्न विचारणारं एकच माणूस मला आजवर भेटलं. तिचं नाव सुगंधा कुळमेथे. आम्ही तिला ताई म्हणायचो. कार्यालयातले काही जण पाठीमागे 'तोडफोडबाई' म्हणत. तिला दोन्ही नावं माहीत होती आणि दुसरं जास्त आवडायचं.

वरोऱ्यात बाजाराच्या रस्त्यावर, खतं-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर आमच्या संस्थेचं कार्यालय होतं. कापसाच्या हंगामात खाली ट्रॅक्टरांची अशी रांग लागायची की फोनवर बोलायचं तर खिडक्या लावून घ्याव्या लागत. तिथे आम्ही सिरोंच्याकडच्या, नदीकाठच्या आणि जंगलातल्या गावांतल्या आरोग्य सेविकांसाठी फोनवर चालणारा एक प्रोग्राम तयार करत होतो. गावात बाई अडली, कोणाला साप चावला, तर सेविकेने गावाचं नाव निवडायचं, काय झालं ते निवडायचं, बटन दाबायचं. निरोप तालुक्याच्या दवाखान्यातल्या संगणकावर उमटणार, तिथून गाडी निघणार, आणि गाव नदीपलीकडे असेल तर डोंगा, म्हणजे लाकडी होडी, निघणार.

तोवर सेविका काय करत होत्या? गावाबाहेरच्या टेकडीवर चढून, रेंज सापडेपर्यंत फोन हवेत धरून उभ्या राहत होत्या. माणसाशी बोलणं झालं की मगच खाली उतरत होत्या.

मी माजरीची. बाप कोळसा खाणीत आणि त्याहून जास्त युनियनमध्ये. आमच्या घरात भांडी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले, त्यामुळे 'धिक्कार' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता आला. संस्थेने मला सेविकांसाठी माहितीपत्रक लिहायला घेतलं होतं. माझं काम तेवढंच. गोष्ट ताईची आहे.

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने पहिलं वाक्य लिहिलं: 'बटन दाबा, संदेश जाईल.' ताईने ते उभ्याउभ्या वाचलं.

"कुठी?" ती म्हणाली.

"म्हणजे दवाखान्यात."

"तसं कुठी लिवलं तू? तू लिवलं, जाईल. जाईल कुठी बी. नाल्यात बी जाईल."

मला ती विचित्र वाटली. चाळिशी ओलांडलेली, आवाज खणखणीत, केसांत नेहमी एक पेन खोचलेलं आणि ते पेन ती दिवसभर टेबलावर शोधत असायची. हैदराबादेत एका फोन कंपनीत बरीच वर्षं काढून ती परत आली होती. का आली, हे विचारलं की ती म्हणायची, "तिथला भात मले जमला नाई." याच्यापलीकडे तिचं चरित्र आम्हाला कधी मिळालं नाही.

तिच्या टेबलावर दोन रिकाम्या माचिसच्या डब्या होत्या, मध्ये दोरा बांधलेला. लहान मुलं खेळतात तो फोन. मला वाटलं, कोणाच्या तरी पोराचा राहिला असेल. तिने एक डबी माझ्या हातात दिली आणि दुसरी स्वतःच्या कानाला लावली.

"बोल."

"हॅलो ताई."

तिने कात्री उचलली आणि मधला दोरा कच्चकन कापला. "आता बोल."

"हॅलो… ऐकू येऊन राह्यलं का?"

"कोणाशी बोलून राह्यली तू? दोरा त कापला."

"पण तुमी समोरच आहा ना!"

"मी समोर आहो म्हणून तुले दिसलं. तिकडच्या सेविकेले कसं दिसन? तिच्या हातात फक्त तिची डबी."

त्या माचिसच्या डब्या हेच ताईचं सगळं शास्त्र होतं. ती जे करायची ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण हे समजल्याशिवाय ताई समजणार नाही. प्रोग्राम बाहेरच्या जगाशी बोलतो तो एका दारातून. दारातून शब्द बाहेर टाकतो, दारातून शब्द आत घेतो. दारापलीकडे खरोखर टॉवर आहे की आणखी काही, हे त्याला दिसत नाही. ताई त्या दारापलीकडचा टॉवर काढून टाकायची आणि तिथे एक नकली जोडणी बसवायची. तिची दोन्ही टोकं त्याच संगणकाच्या पोटात, त्याच्याच स्मृतीत. ना तार, ना हवा, ना उपग्रह. या टोकाला सेविकेचा फोन, त्या टोकाला दवाखाना, दोन्ही एकाच टेबलावर, आणि मधला दोरा ताईच्या हातात. बिचारा प्रोग्राम समजायचा की आपण जंगलातून तालुक्याला बोलतो आहोत.

"पण हे तर खोटं आहे," मी म्हणाले होते.

"खोटंच पाह्यजे. खऱ्या टॉवरले मी हुकूम देऊ शकते का? तिसऱ्या अक्षरावर मर म्हटलं त तो मरते का? तो मरते तेव्हा मले विचारून मरत नाई. अन् मेल्यावर मी त्याले म्हणू शकत नाई का, बाबू, आता पुन्हा तसाच मरून दाखव. हा डबीतला टॉवर माह्या ऐकण्यातला आहे."

आणि तो खरंच तिच्या ऐकण्यातला होता. पहिल्या अक्षरानंतर तोड म्हटलं की तोडायचा. अर्धा निरोप देऊन गप्प बस म्हटलं की बसायचा. उत्तर उशिरा दे म्हटलं की द्यायचा, आणि त्यासाठी ती घड्याळसुद्धा नकली बसवायची. संगणकाला वाटायचं तासभर वाट पाहिली, आणि आमचा चहाचा घोट घशाखाली उतरलेला नसायचा.

चहावरून आठवलं. खाली दिगांबरभाऊंची टपरी होती. ताई माडीवरून ओरडायची, "भाऊ, चार चहा, एक बिनसाखरेचा!"

"हाव!"

"हाव नका म्हणू. काय आयकलं ते सांगा."

"अवो बाई, आयकलं ना!"

"काय आयकलं?"

अख्खा रस्ता वर बघायचा. ट्रॅक्टरवरचे शेतकरी हसायचे. शेवटी दिगांबरभाऊ वैतागून ओरडायचे, "चार चहा! एक बिनसाखरेचा! तुमचा डोस्का बिनसाखरेचा!" मग ताई खिडकी लावायची. सगळ्यांशी ती असंच करायची. फोनवर कोणी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला तर ती पुन्हा लावायची. लोक चिडायचे. आणि काही दिवसांनी मी काय पाहिलं? दिगांबरभाऊ गिऱ्हाईकाने मागितलेलं त्याच्याच तोंडावर परत म्हणू लागले होते. चुकीचे चहा परत यायचे थांबले, पण हे त्यांनी ताईपुढे कधीच कबूल केलं नाही.

कोणी नवीन काही दाखवलं की तिचा एकच प्रश्न असे: "तोडून पाह्यलं का?" नवी खुर्ची आली, तोडून पाह्यलं का. नवा डबा आला, तोडून पाह्यलं का. कोणाचं लग्न ठरलं तेव्हाही तिने हेच विचारलं, आणि त्या मुलीची आई आमच्याकडे पुन्हा आली नाही.

आमचे प्रकल्पप्रमुख बोकारे साहेब. वाईट माणूस नव्हे. वरच्यांना काय आवडेल याचा अंदाज घेत घेत त्यांची मान कायमची किंचित झुकलेली होती, एवढंच. प्रोग्राम लिहिणारी मुलं नागपूरला बसत. एकदा साहेब तिथून परत आले ते खूश होऊन. म्हणाले, "ताई, तुमची काळजी मिटली. त्यांनीही नकली जोडणी वापरूनच चाचण्या घेतल्या. सगळ्या हिरव्या!"

ताईने ते काम मागवून घेतलं आणि दुपारभर वाचत बसली. मग हसायला लागली. तिचं हसणं ऐकून खालून दिगांबरभाऊ विचारते झाले, काय झालं म्हणून.

"साहेब, या पोरायनं टॉवर नाई बनवला. होयबा बनवला! काही बी टाका, तो म्हणते पोचलं. अर्धं टाका, पोचलं. काहीच टाकू नका, तरी पोचलं. अशा होयबासमोर पास झालेला प्रोग्राम म्हणजे सासऱ्याच्या शाळेत पहिला आलेला जावई."

"अहो पण खऱ्या फोनवरही पाहिलं त्यांनी. तिथे तर चालतं."

इथे ताईचं हसू गेलं. 'तिथे तर चालतं' हे वाक्य तिला शिवीसारखं लागायचं. मी एकदा तिला विचारलं होतं, ताई, काऊन एवढ्या मागे लागता? तेव्हा ती म्हणाली, "राग येते म्हणून." आणि मग, "हैदराबादेत भिंतीवर नकाशा होता. जिथी टॉवर तिथी हिरवा रंग. आमचा सगळा भाग पांढरा. एक इंजिनिअर मले समजावून सांगे, तिथी कोणी राह्यत नाई. मी त तिथलीच होती."

मला वाटतं, हाच तिचा खरा जाहीरनामा होता. चांगल्या रेंजमध्ये बसून घेतलेली चाचणी ही चांगल्या रेंजमध्ये राहणाऱ्यांसाठीच असते. जंगलातली तुटकी, अर्धवट, दगा देणारी जोडणी नागपूरच्या टेबलावर आणून बसवायची असेल तर ती बनवावीच लागते. म्हणून ताईचा नकली टॉवर त्यांच्या खऱ्या टॉवरपेक्षा जास्त खरा होता.

चंद्रपुरात एका सभागृहात प्रोग्रामचं प्रात्यक्षिक ठरलं. पावसाळ्याआधी फोन वाटून टाकायचे होते. वरचे लोक आले, हार आले, पडदा आला. सेविका पुढच्या रांगेत बसवल्या होत्या. त्यांच्यात लक्ष्मीअक्का होत्या, सिरोंच्याच्या पलीकडच्या, नदीकाठच्या गावातल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत भांडण्याची सारखीच तयारी.

बोकारे साहेबांनी बटन दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आणि मोठ्या अक्षरांत दोन शब्द: 'संदेश गेला.' टाळ्या.

ताई उठली. "साहेब, एक डाव अक्कांच्या हातून होऊ द्या." सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. ताईने आपला संगणक जोडला. पडद्याचे दोन भाग झाले, डावीकडे सेविकेचा फोन, उजवीकडे दवाखाना. "प्रोग्राम तोच आहे, या लोकायचाच," ती म्हणाली. "मधात फक्त माहा दोरा आहे. तो मी कापून ठेवला." अक्कांनी गाव निवडलं, 'बाळंतपण' निवडलं, बटन दाबलं.

डावीकडे हिरवी खूण. 'संदेश गेला.'

उजवीकडे काहीच नाही. सभागृह उजवीकडे बघत राहिलं.

"गेला," ताई म्हणाली. "बरोबर लिवलं. पण कुठी गेला?"

मागून कोणीतरी हसलं. अक्का हसल्या नाहीत. पडद्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "पोयिंदि." मग आमच्याकडे वळून, "तेलुगूत पण असंच आहे. पोयिंदि म्हणजे गेलं. हरवलं तरी पोयिंदि. माणूस गेला तरी तोच शब्द." आणि मग मोठ्याने, साहेबांकडे बघून, "म्हणजे मी हे हिरवं पाहून बाईच्या उशाशी बसूनच राह्यली असती? टेकडीवर गेलीच नसती?"

त्या क्षणी सगळ्यांना कळलं की पणाला काय लागलं होतं. आजवर टेकडी होती. टेकडी दमवायची, पण फसवत नव्हती. या दोन हिरव्या शब्दांनी अक्कांना टेकडीवरून खाली बसवलं असतं, आणि डोंगा कधीच निघाला नसता.

साहेब लालबुंद झाले. "हे कनेक्शन खोटं आहे! मुद्दाम तोडलेलं! खऱ्या जगात असं होत नाही!"

"खऱ्या जगात काय होते," ताई म्हणाली, "ते अक्कांले विचारा. त्या तिथीच राह्यतात."

वरच्यांपैकी एकाने समजुतीच्या सुरात सांगितलं की सुधारणा नंतर होतील, आत्ता वाटप होऊ द्या, फोन तर फुकट आहे. तेव्हा लक्ष्मीअक्कांनी हातातला फोन टेबलावर ठेवला. "टेकडी बी फुकट आहे," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या सेविकेने ठेवला. मग तिच्या शेजारचीने. मी पत्रकांच्या घरात वाढले, बहिष्काराच्या घोषणा पाळण्यात ऐकल्या. पण घोषणेशिवायचा बहिष्कार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. टेबलावर फोन ठेवल्याचा टक टक आवाज, बाकी काही नाही.

वाटप थांबलं. पुढचे काही आठवडे नागपूरची मुलं वरोऱ्यात येऊन बसली. ताई त्यांना एक शब्दही टाकून बोलली नाही. माचिसच्या डब्या मात्र हातात दिल्या. निरोपाच्या प्रत्येक अक्षरावर दोरा कापून पाहिला गेला. जाताना तुटला तर, येताना तुटला तर. निरोप पोचला पण पोचल्याची पावती वाटेत हरवली तर तोच निरोप पुन्हा जाईल, आणि एका बाईसाठी दोन डोंगे निघतील, हेही तिथेच सापडलं. मुलं आधी कंटाळली आणि नंतर त्यांनाच तोडायची चटक लागली. "ताई, हे पाहा, इथून तोडलं तर मेलं!" असं नाचत सांगायची. मोडलं म्हणून आनंदाने ओरडणारी माणसं मी तिथेच पाहिली.

शेवटी फोनच्या पडद्यावर तीन वाक्यं राहिली. बटन दाबल्यावर: 'निघाला.' दवाखान्याच्या संगणकाने निरोप जसाच्या तसा वाचून परत पाठवला तरच: 'पोचला.' आणि ठरावीक वेळात तसं झालं नाही तर लाल अक्षरांत: 'पोचला नाही. टेकडीवर जा.'

या तिसऱ्या वाक्यावर साहेब अडले. "आधुनिक प्रोग्राम माणसाला टेकडीवर चढायला सांगतो? हे मी वर कसं दाखवू?"

"खरं आहे म्हणून दाखवा."

"शब्द तरी बदला. 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' असं काहीतरी."

"कृपया करून बाई वाचत नाई, साहेब."

ते वाक्य राहिलं. पण याची किंमत होती. पावसाळ्याआधीचं वाटप चुकलं आणि त्या पावसाळ्यात सेविका भिजत टेकडीवर चढल्याच. ताईला हे लागलं होतं. तिने ते कधी झाकलं नाही. कोणी टोमणा मारला तर म्हणायची, "हाव, चढल्या. पण बोलून उतरल्या." आणि वाटप झाल्यावर तिच्या कामाची मुदत संपली तेव्हा ती कोणी वाढवली नाही. कारण काय दिलं? 'आता चाचण्यांची गरज उरलेली नाही.' मी साहेबांना तोंडावर विचारलं, नवं काही बदललं तर दोरा कोण कापणार? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता चालतंय ना." पण आता त्यांच्याकडे ती नागपूरची मुलं होती, आणि त्यांना चटक लागलेली होती. ती कोणाला न विचारता अजून दोरे कापतात, हे मला पक्कं माहीत आहे.

ताई सिरोंच्याकडे निघाली. सेविकांबरोबर गावोगाव बसून, लाल अक्षरं कुठे कुठे उमटतात ते पाहणार होती. "डबीत लई तोडलं," म्हणाली, "आता खरा दोरा कसा तुटते ते पाहून घेते." मी तिला सोडायला वरोऱ्याच्या बस स्टँडवर गेले. हातात एक पिशवी, केसांत पेन, आणि तिकिटावर काही लिहायला ती पेन शोधत होती.

"जाता ताई?" माझ्या तोंडून निघालं.

"काय शिकली तू एवढे दिवस? 'येता' म्हण. माह्याबद्दल 'गेली' म्हणशील त पाह्यजो."

बस सुरू झाली. इंजिनाचा आवाज, कंडक्टरची घंटी, खाली संत्री विकणाऱ्यांचा गलका. मी खिडकीखाली धावत ओरडले, "पोचल्यावर फोन करा!"

तिने हात कानामागे नेला. "काय?"

"पोचल्यावर! फोन!"

"पोचल्यावर फोन!" ती सगळ्या बसला ऐकू जाईल अशी ओरडली, आणि मान बाहेरच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. बस फाटकातून वळत होती. मग मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. मी जोरजोरात मान हलवली. तेव्हा कुठे तिने डोकं आत घेतलं.

आता तुम्हाला एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या दवाखान्यात, तुमच्या पोरांच्या शाळेत कोणी नवं यंत्र घेऊन येईल. हार घालून येईल, पडदा लावून येईल, हिरवी खूण दाखवेल. टाळ्या वाजवण्याआधी उभे राहा आणि त्याला विचारा: तोडून पाह्यलं का? तो "हो" म्हणाला, तर तेवढ्यावर खाली बसू नका. त्याला म्हणा, आम्ही काय विचारलं ते सांग.